रेनकोटाच्या आतलं नाव

रावजी घरत यांना एका पोलिसाचं नाव हवं होतं. नुसतं नाव. त्याला नोकरीवरून काढा असं त्यांचं म्हणणं नव्हतं, बदली करा असंही नव्हतं. त्यानं वाघखार नाक्यावर चारचौघांत येऊन पाया पडावं अशी एक इच्छा होती, पण ती त्यांनी कोणाला बोलून दाखवली नाही, तेव्हा आपणही ती धरायला नको. नाव मात्र हवं होतं. एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर म्हणून काढलेल्या माणसाच्या गालावर कोणीतरी फाडकन वाजवावी आणि कोणी वाजवली हे त्याला कळूच नये, याला काय अर्थ आहे सांगा!

झालं ते असं. हरताळकेचा दिवस. उद्या गणपती. मुंबईहून सुटलेल्या सगळ्या गाड्या वाघखार नाक्यावर येऊन एकमेकींत अडकल्या होत्या, आणि वरून धो धो पाऊस. रावजी आणि त्यांची बायको कृष्णाबाई बाजार करून रिक्षात बसले होते. पुढे मुरूडची एसटी वळणावर आडवी झालेली. तिला पुढे जाता येईना, मागे येता येईना. आता दुसरा कोणी पेन्शनर असता तर रिक्षात बसून सरकारला शिव्या देत राहिला असता. पण रावजींचा जीव खालीवर व्हायला लागला. गाडी मागे घ्यायची तर कंडक्टरनं खाली उतरायचं असतं, मागे जाऊन उभं राहायचं असतं, पत्र्यावर थाप मारायची असते. त्या गाडीचा कंडक्टर पोरगेला, तो खिडकीतून मोबाईलवर गर्दीचा व्हिडिओ काढत होता.

"अहो, तुम्ही कुठं चाललात?" कृष्णाबाई म्हणाल्या.

"दोन मिनिटं," म्हणून रावजी उतरले. गाडीच्या मागे गेले, पत्र्यावर थाप मारली आणि सात वर्षांनी पुन्हा आवाज लावला, "येऊ दे! येऊ दे! येऊ दे!" गाडी यायला लागली. रावजींना काय बरं वाटलं म्हणून सांगू! मग ते "बस्स!" म्हणाले. हे बस्स त्यांनी वेळेवर म्हटलं होतं, यावर ते आजही ठाम आहेत. ड्रायव्हरला ते पावसात जरा उशिरा ऐकू गेलं. गाडीनं पोलिसांचा लोखंडी अडसर हळूच मागे ढकलला, आणि तो अडसर त्याच्यावरच्या गणेशभक्तांच्या हार्दिक स्वागतासकट गटारात गेला.

गर्दीतून एक पोलीस आला. गुडघ्यापर्यंत रेनकोट, टोपीवर प्लास्टिकची पिशवी, तोंडावर पावसाचं पाणी. "ए म्हाताऱ्या, बाजूला हो!" तो ओरडला. मी एसटी खात्यातलाच आहे, हे रावजी सांगणार होते. तोंड उघडलंच होतं. तेवढ्यात बसली. रावजींची टोपी एकीकडे, चष्मा दुसरीकडे. तीन पावलांवर कृष्णाबाई एका हातात छत्री आणि दुसऱ्या हातात नारळाची पिशवी घेऊन उभ्या होत्या. पोलीस गर्दीत गेला. गाडी सुटली. तो पोरगेला कंडक्टर खिडकीतून "थँक्यू काका" म्हणाला, हे त्यातल्या त्यात.

दोघं रिक्षानं घरी आले. दारात पाय ठेवण्याआधी रावजी थांबले आणि म्हणाले, "हे बघ. आजचा विषय या घरात परत निघता कामा नये. कधीच न्हाय. कळलं?"

"बरं," कृष्णाबाई म्हणाल्या. आत जाऊन त्या सहाणेवर काहीतरी उगाळत बसल्या. दुपारी त्यांनी रावजींना एकट्याला वाढलं, त्यांचा स्वतःचा उपास. आमटीत हळद एवढी, की भात पिवळाजर्द झाला. "उपासाच्या घरात चव कोण बघणार," रावजी करवादले, आणि गाल दुखत असल्यामुळे डाव्या बाजूनं जेवले.

दुसऱ्या दिवशी गणपतीसमोर हात जोडून रावजींनी एक प्रतिज्ञा केली. चष्म्याची उजवी काच फुटून तिला जाळं पडलं होतं, आणि डाव्या डोळ्यानं त्यांना मुळातच कमी दिसायचं. ज्याच्या हातानं ती फुटली त्याचं नाव कळल्याशिवाय नवी काच घालायची नाही! प्रतिज्ञा ऐकायला भारदस्त होती. पण ज्याला नावाची पाटी वाचायची आहे त्यानंच काच फुटकी ठेवायची, यात काही गोची आहे हे त्यांच्या लक्षात आलं नाही, आणि घरात विषयबंदी असल्यामुळे लक्षात आणून द्यायला कोणी नव्हतं. पेपर मग कृष्णाबाई वाचून दाखवायच्या. त्यांची नजर अशी, की ओट्यावर बसल्या बसल्या रस्त्यावरून जाणाऱ्या एसटीची पाटी वाचतील. रोज सकाळी निधन वार्ता वाचायच्या. रावजी ऐकायचे, "अरेरे" म्हणायचे आणि मनात भलतंच काही चाललेलं असायचं.

ते भलतं काय, तेही सांगून टाकतो. गाल चार दिवसांत बरा झाला. पण तिनं बघितलं का? किती बघितलं? छत्री आडवी होती का? एकतीस वर्षं रावजी सकाळी खाकी कपडे घालून, छातीवर पितळेचा बिल्ला लावून घराबाहेर पडायचे, तेव्हा कृष्णाबाई दारात उभ्या राहून बघायच्या. त्याच बाईसमोर त्यांची टोपी चिखलात पडली होती. हे विचारायचं कसं? त्यापेक्षा त्या माणसाचं नाव काढावं, ते सरकारी कागदावर आणावं, आणि तो कागद कृष्णाबाईंच्या हातात देऊन म्हणावं, वाच. एवढ्यासाठी सगळा खटाटोप.

तर विसर्जन झाल्यावर रावजी पोलीस ठाण्यात गेले. टेबलाशी एक हवालदार बसला होता.

"तक्रार कोणाविरुद्ध?"

"पोलिसाविरुद्ध."

हवालदारानं पेन खाली ठेवलं. "नाव?"

"तेच विचारायला आलोय."

"नाव नसेल तर तक्रार कशी लिहू?"

"अज्ञात इसम लिहा ना."

"मास्तर," कंडक्टरला सगळे म्हणतात तसं हवालदार समजावणीच्या सुरात म्हणाला, "पोलीस अज्ञात इसम कसा असेल? तो आमच्याच ठाण्याचा असेल तर ज्ञात आहे. बाहेरून बंदोबस्ताला आलेला असेल तर तिकडे ज्ञात आहे."

"मग तुम्हाला ज्ञात आहे तो सांगा."

"तुम्ही नाव सांगा, मी ज्ञात आहे का ते सांगतो."

हे दोन वेळा फिरून झाल्यावर हवालदारानं त्यांचं आधार कार्ड मागितलं. कार्डावरच्या फोटोकडे आणि रावजींकडे आळीपाळीनं पाहिलं. बिचाऱ्याचा दोष नाही. त्या फोटोत रावजी तर सोडाच, पण कोणीही आहे असं नक्की म्हणता येत नाही. "हे तुम्हीच कशावरून?" त्यानं विचारलं. मग पेन्शनचं पुस्तक, रेशन कार्ड, वीजबिल, दोन फोटो आणि सरपंचाचा दाखला, असं सगळं घेऊन रावजी चार दिवसांनी परत गेले. स्वतः रावजी घरत असल्याबद्दल त्यांच्याकडे आता सहा पुरावे होते. त्या पोलिसाबद्दल अजून रेनकोटच.

गावात बातमी पसरली होतीच. शेजारचे हिरामण नाना तहसीलमधून शिपाई म्हणून रिटायर झालेले, त्यामुळे कायदा त्यांना तोंडपाठ. "माहितीचा अधिकार टाक, मास्तर," ते म्हणाले. "तीस दिवसांत उत्तर द्यावंच लागतं. कलेक्टरला पन घाम फुटतो." नाक्यावर दिपेशचं झेरॉक्सचं दुकान. तिथे बाकावर बसून अर्ज तयार झाला. मजकूर नानांचा, टायपिंग दिपेशचं, सही रावजींची. त्यात नानांनी 'सदरहू' हा शब्द अकरा वेळा घातला. अर्जाला त्यामुळे वजन येतं म्हणाले.

अर्ज गेला. पण दिपेश तरुण पोरगा, त्याला तीस दिवस धीर कुठला! "काका, तुम्ही वर्णन सांगा, मी मोबाईलवर चित्र काढून देतो. हल्ली सगळं होतं." रावजींनी आठवेल तसं सांगितलं. रंग सावळा, मिशी बहुतेक होती, रेनकोट. मोबाईलनं जे चित्र काढलं त्यात एक रुबाबदार माणूस पावसात उभा होता आणि मागे कारण नसताना वीज चमकत होती. "हा न्हाय रे," रावजी म्हणाले, पण तोवर दिपेशनं ते 'आपलं वाघखार' या ग्रुपवर टाकलं होतं. खाली लिहिलं होतं, 'याला ओळखा.'

लोकांनी ओळखला. दोन दिवसांत अकरा वेगवेगळी माणसं म्हणून ओळखला. कोणी म्हणालं हा तळा गावचा शाळामास्तर आहे, कोणी म्हणालं अलिबागला जेटीवर तिकिटं फाडतो. तिसऱ्या दिवशी गावातला डेअरीवाला हातात दुधाचं माप घेऊन रावजींच्या ओट्यावर चढला. "मी मारलं तुम्हाला? मी? वीस वर्षं दूध घालतो मी या घरी!" चित्र खरोखरच त्याच्यासारखं दिसत होतं. रावजींनी त्याची हात जोडून माफी मागितली. ती त्यानं घेतली, दूध मात्र बंद केलं. कृष्णाबाई दुसऱ्या आळीतून दूध आणायला लागल्या. दूध का बंद झालं, हे त्यांनी विचारलं नाही. विषयबंदी.

आता नाक्यावर रोज संध्याकाळी वाद. पोलिसाचं नाव लोकांना दिसावं का न दिसावं? एकदा तर कोकमाचं सरबत पिता पिता नानाच उलटले. "मास्तर, मी अर्ज लिवला, पन एक सांगतो. माझा भाचा हाय पोलिसात, पनवेलला. त्यानं एका टोळक्याला हटकलं. त्यांनी छातीवरचं नाव वाचलं, मोबाईलवर हुडकलं, आन् त्याच्या बायकोला घाण घाण मेसेज. पोरीची शाळा बदलावी लागली. मंग त्यानं छातीवर नाव मिरवायचं कशाला?"

रावजींना काही ते खोटं वाटलं नाही. सरबताचा पेला हातात घेऊन ते म्हणाले, "मग नाव नको. नंबर तरी लावा. रेनकोटावर लावा. माझ्या छातीवर एकतीस वर्षं नंबर होता. कोणाला तक्रार करायची त्यानं नंबर लिहून घ्यावा, डेपोत द्यावा. माझ्या घरी कोण आलं का?"

"मी आली व्हती," मागून आवाज आला.

सगळ्यांनी वळून पाहिलं. आवडाबाई. कोळीवाड्यातली, पासष्टीची, नाक्यावर मासळीची पाटी घेऊन बसते. पाटी रिकामी झाल्यामुळे तिला वेळ होता.

"एक्याऐंशी चौतीस," ती म्हणाली. "तुजा बिल्ला. खोटा असंल तर सांग."

रावजींच्या हातातला पेला तसाच राहिला. खरा होता.

बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. रावजी तेव्हा ऐन भरात. आवडाबाई पाटी घेऊन त्यांच्या गाडीत चढली, पाटीतलं पाणी एका पाहुण्या बाईच्या साडीवर गळलं, आरडाओरडा झाला, आणि रावजींनी बेल मारून गाडी थांबवली, आवडाबाईला पाटीसकट खिंडीत उतरवलं. भर पावसात. पुढची गाडी दोन तासांनी. तिला अक्षर वाचता येत नव्हतं. तिनं शाळेच्या एका पोरीकडून बिल्ल्यावरचे आकडे वाचून घेतले आणि जाळं शिवायच्या सुतळीला गाठी मारल्या. आठ गाठी, जागा सोडून एक, जागा सोडून तीन, मग चार. कोळीवाड्यात माशांच्या पाट्यांचा हिशेब तसाच ठेवतात. ती सुतळी घेऊन ती डेपोत गेली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवून म्हणाली, हा मानूस. मग घर विचारत विचारत रावजींच्या दारात आली, कृष्णाबाईंच्या हातचं पाणी प्यायली आणि तुझ्या नवऱ्यानं काय केलं ते सांगून गेली. रावजींची चौकशी झाली. लेखी माफी लिहून द्यावी लागली. त्या आडमुठ्या बाईला रावजींनी बावीस वर्षांत माफ केलं नव्हतं. तिच्याकडचे बोंबील त्या घरात आले नव्हते.

"तवा मला लय बरा वाटला," आवडाबाई म्हणाली. "नुस्ता तुजा नंबर हातात व्हता म्हनून बरा वाटला. साहेब काय करल न करल, माज्याकडं सुतली व्हती." पाटी डोक्यावर घेत ती उठली. "तुज्याकडं काय हाय, मास्तर?"

रावजींनी मान खाली घातली. आवडाबाई पंधरा पावलं गेली असेल, तेव्हा ते म्हणाले, "चूक झाली ती माझी." पण ते तिला ऐकू गेलं नाही, आणि मागून हाक मारायचा धीर त्यांना झाला नाही. नानांनी ऐकलं. नाना म्हणाले, सदरहू गोष्ट पुढच्या अर्जात घालू नको.

तिसाव्या दिवशी उत्तर आलं. हरताळकेच्या दिवशी नाक्यावर बेचाळीस कर्मचारी बंदोबस्ताला होते. कोणी कोणास मारले याची नोंद ठेवण्यात येत नाही, सबब मागितलेली माहिती अस्तित्वात नाही. कर्मचाऱ्यांची नावे वैयक्तिक माहिती असल्याने देता येत नाहीत. वर रावजींचं संपूर्ण नाव, वय, पत्ता, मोबाईल नंबर. खाली 'स्वाक्षरित' असं छापलेलं, आणि स्वाक्षरी कोणाची याचा पत्ता नाही. तोच कागद ठाण्याच्या फलकावरही लागला. त्यानंतर आठ दिवस रावजींना फोन येत राहिले, काका, तुम्हाला विमा काढायचा आहे का.

मग अपील. अपिलासाठी अलिबागच्या चार फेऱ्या. पहिल्या वेळी साहेब मीटिंगला, दुसऱ्या वेळी साहेब जेवायला, तिसऱ्या वेळी साहेब होते, पण खिडकी चुकली. अलिबागला जाणाऱ्या गाडीत रावजी सवयीनं कंडक्टरचा बिल्ला बघायचे. फुटक्या काचेतून नंबर दिसायचा नाही. मग ते जवळ जाऊन, वाकून, नाक लावून बघायचे. दोन कंडक्टरांना ते आवडलं नाही. चौथ्या फेरीला साहेब भेटले. चांगला माणूस. सगळं ऐकून घेतलं आणि ठाण्याला लिहिलं, की अर्जदारास ओळखता येत असल्यास तशी संधी द्यावी.

ती संधी डिसेंबरात मिळाली. ठाण्यात नव्या फौजदार आल्या होत्या, प्राप्ती मॅडम. बाई कडक पण सरळ. "काका, बाहेरून आलेले परत गेले. त्या वळणावर आमचे सहा जण होते, तेवढे मी उभे करते. तुम्ही ओळखा. ही कोर्टातली ओळख परेड नाही, चौकशीचा भाग आहे."

ठाण्यामागच्या अंगणात सहा पोलीस रांगेत उभे होते. घटनेच्या वेळी होती तशी परिस्थिती हवी, म्हणून सहाही जणांनी रेनकोट घातले होते, टोप्यांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवल्या होत्या. ऊन रणरणत होतं. पलीकडच्या पंचायत समितीत आलेली माणसं कुंपणाशी उभी राहून आभाळाकडे बघायला लागली.

"नावाच्या पाट्या?" रावजींनी हळूच विचारलं.

"काढून ठेवायला लावल्यात," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही चेहऱ्यावरून ओळखायचं आहे ना. नाव वाचून ओळखलंत तर त्याला काय अर्थ?"

हे इतकं बरोबर होतं, की रावजींना रडू यायचं बाकी राहिलं. त्यांनी फुटकी काच पुसली आणि रांगेसमोरून चालत गेले. सहा रेनकोट. सहा पिशव्या. सगळ्यांना मिशा. उजव्या डोळ्याला प्रत्येक माणूस आठ ठिकाणी तडकलेला दिसत होता.

"आवाजावरून बघता का?" मॅडमनी सुचवलं. "तो काय बोलला होता?"

रावजींनी सांगितलं. ठाण्याच्या लेखनिकानं, म्हणजे मुन्शीनं, लिहून घेतलं. आणि मग पहिला पोलीस एक पाऊल पुढे आला आणि साक्षीला बोलावलेल्या पंचांसमक्ष म्हणाला, "ए म्हाताऱ्या, बाजूला हो!" दुसरा आला, "ए म्हाताऱ्या, बाजूला हो!" तिसऱ्याचा घसा बसलेला, त्याला मॅडमनी परत म्हणायला लावलं. चौथ्यानं इतकं मनापासून म्हटलं, की रावजी खरंच बाजूला झाले. कुंपणावरच्या लोकांत हसू फुटलं. पाचव्याचा आवाज निघेना. "मोठ्यानं, मोकल," मॅडम म्हणाल्या. तो खाली बघून पुटपुटला, "बाजूला हो." सहावा म्हणाला. एका थपडेपायी रावजींनी साडेतीन महिने घालवले होते, आणि आता सरकारनं स्वतःहून सात वेळा अपमान करून दिला होता. शिवाय तो नोंदवून घेतला होता.

रावजींना उन्हात गरगरलं, ते खालीच बसायला लागले. पिशवीवाल्या टोपीतून घामाच्या धारा लागलेला तो पाचवा पुढे धावला, खुर्ची आणली, तांब्याभर पाणी आणलं. "बसा काका. घोटभर घ्या," म्हणाला. रावजी सगळं पाणी प्यायले. त्या आवारात त्या दिवशी त्यांच्याशी मायेनं बोललेला तो एकटा.

"ओळखलंत कोणाला?"

"न्हाय," रावजी म्हणाले.

मॅडमनी कागद पुढे केला. अर्जदारास सहापैकी कोणासही ओळखता आले नाही, त्याची आता काहीही तक्रार नाही. मुन्शीनं वाचून दाखवलं. रावजींनी सही केली. मॅडम म्हणाल्या, "मला वाईट वाटतं काका, पण आता हे बंद करावं लागेल." त्यांना खरंच वाटत होतं.

घरी आले तेव्हा कृष्णाबाई ओट्यावर वाल सोलत बसल्या होत्या. पेपर बाजूला. रावजी पायरीवर बसले. त्यांना कोणाशी तरी बोलायचं होतं, आणि विषयबंदी त्यांनी स्वतःच घातलेली. मग त्यांनी आडून सुरुवात केली. कामाला ठाण्यात गेलो होतो म्हणाले. कसलं काम ते सांगितलं नाही.

"सगळीच माणसं वाईट नसतात पन. मला जरा गरगरलं, तर एक पोरगा धावत आला बघ. खुर्ची दिली, पाणी दिलं. बसा काका म्हणाला. मोकल म्हणून."

कृष्णाबाईंचे हात थांबले.

"कोन मोकल? विनेश मोकल?"

"पुढचं नाव काय ठाऊक. मोकल म्हणून हाक मारली त्याला. तुला काय माहीत विनेश?"

कृष्णाबाई वालाकडे बघत राहिल्या. "छातीवर व्हतं त्याच्या. त्यानं हात उचलला तवा रेनकोट उघडला. विनेश मोकल. पांढऱ्या अक्षरांत. मी वाचलं."

समोरून अलिबागची गाडी गेली. साडेतीन महिने. ठाणं, सरपंच, नाना, दिपेश, ग्रुपवरचे तीनशे लोक, अलिबागचे साहेब. सगळ्या जिल्ह्याला विचारून झालं होतं. तीन पावलांवर उभ्या असलेल्या या एका बाईला सोडून.

"तू... तू वाचलंस? मग सांगितलं का न्हाय मला?" ते ओरडलेच.

"तुम्हीच म्हनलात, ह्यो विषय घरात काढायचा न्हाय. कधीच न्हाय." त्यांचा आवाज चढला नव्हता. "मला वाटलं, तुमाला नको असंल."

रावजींनी खिशाला हात लावला. सहीच्या कागदाची नक्कल तिथे होती. काहीही तक्रार नाही. ज्याच्या हातचं पाणी ते गटागटा प्यायले होते त्यानं त्यांना ओळखलं होतं, आणि त्याला ओळखता आलं नाही असं ते स्वतःच्या सहीनं लिहून आले होते. पोराला लाज वाटत होती की भीती, देव जाणे. आता परत ठाण्यात जाऊन काय सांगायचं? माझ्या बायकोला माहीत होतं, मी विचारायला विसरलो?

मग साडेतीन महिने मनात ठेवलेला प्रश्न त्यांनी विचारला.

"तू किती बघितलंस, गं?"

"सगळं."

"टोपी पडली ती?"

"मीच उचलली ना. धुतली मी ती." त्यांनी एक वाल सोलला. "गाल लाल झालेला तुमचा. पाच बोटं दिसत व्हती. घरी आल्याबरोबर मी हळद उगाळली, गालाला लावायला. मंग ध्यानात आलं, तुम्ही म्हनलात विषय काढायचा न्हाय. हळद लावायची तर विषय निघनारच. मंग आता त्या हळदीचं काय करू? आमटीत टाकली."

रावजींना ती आमटी आठवली. आपण तिला काय बोललो तेही आठवलं. त्यांनी चष्मा काढला, आणि आता त्यांना ओटा, रस्ता, वालाची टोपली, काहीच धड दिसेना.

कृष्णाबाईंनी टोपली बाजूला सारली, वालाचे हात पदराला पुसले आणि त्यांच्या उजव्या गालावर हात ठेवला.

"अजून दुखतं काय?" त्यांनी विचारलं.

"व्हय," रावजी म्हणाले.